गोळ्यांचं गिऱ्हाईक रस्त्यात ओळख देत नाही

औषधाला एक्सपायरी डेट असते, किश्श्याला नसते. लोणावळ्याच्या बाजारात इतकी वर्षं मेडिकल चालवतेय, रोज एखादा तरी किस्सा काउंटरवर सांडतोच. बाकीचे दुकानदार संध्याकाळी कट्ट्यावर बसून आपापले किस्से सांगून मोकळे होतात. चिक्कीवाले सांगतात, चपलावाले सांगतात. माझे मात्र साठत जातात. कारण माझे निम्मे किस्से पाळणा लांबवायच्या गोळ्यांचे! ते कुणाला सांगणार? ज्यांचे आहेत त्यांचे नवरेच कट्ट्यावर बसलेले!

आज सांगतेय, कारण नावं गाळली आहेत आणि गावं फिरवली आहेत. तरीही एखादीनं स्वतःला ओळखलंच, तर बाई, तू गप्प बस, मीही बसते.

आठवायला निमित्त झालं माझ्या पित्ताशयाचं. गेल्या वर्षी त्यात खडे निघाले आणि तळेगावच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं. रिसेप्शनवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "सोबत कोण असणार?"

मी म्हटलं, "बघते."

"बघते नको काकू, एक नाव सांगा."

आता बघा. अर्ध्या मावळातल्या बायकांची पाळी कधी येते, कधी चुकते, कुणाला कुठली गोळी सोसत नाही, हे सगळं मला तोंडपाठ. आणि सोबतीला म्हणून सांगायला एक नाव नाही! हे जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. भाऊ बडोद्याला, त्याला गुडघ्यांनी जागेवर बसवलेलं. शेवटी मंगलचं नाव सांगितलं. मंगल माझ्या दुकानात कामाला, लोहगडवाडीची. पण ती माझ्याजवळ बसली तर दुकान कोण बघणार?

खरं सांगू? ऑपरेशनची मला भीती नव्हती. भेटायच्या वेळेला सगळ्या कॉटजवळ माणसं असतील आणि माझ्याच कॉटजवळ कुणी नसेल, याची भीती होती. त्या भीतीनं पोटातल्या खड्यांपेक्षा जास्त छळलं.

* * *

ह्यांनी दुकान काढलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला एक नियम घालून दिला होता. "गिऱ्हाईक आपलं काउंटरपर्यंत. बाहेर दिसलं तर आपण आधी ओळख द्यायची नाही."

"अहो, शिष्टपणा वाटेल!"

"वाटू दे. तू एखादीकडं बघून हसलीस आणि शेजारी तिची सासू असली, तर घरी गेल्यावर पहिला प्रश्न काय? मेडिकलवाली तुला कशी ओळखते?"

नियम बरोबरच होता, मी तो पाळला. बायकांनी तर माझ्यापेक्षा कडक पाळला! आमच्याकडं त्यातून एक गंमत चालते. लोणावळ्याच्या बायका गोळ्या आणायला तळेगावला जातात आणि तळेगावच्या लोणावळ्याला येतात. आपल्या गावच्या मेडिकलमध्ये कोण जाणार, तिथं दीर उभा असायचा! तळेगावचा एक मेडिकलवाला मला एकदा म्हणाला, "मॅडम, तुमच्या गावच्या मला, माझ्या गावच्या तुम्हाला. आपणच दुकानं बदलू या, बायकांचं तिकीट तरी वाचेल!"

* * *

तळेगावच्या दोन जावा. एकाच घरातल्या, एकाच सासूच्या हाताखालच्या. थोरली मंगळवारी यायची, धाकटी शुक्रवारी. दोघी माझ्याकडूनच पाकीट न्यायच्या आणि जाताना दोघींचं वाक्यही एकच. "काकू, माझ्या जावेला कळू देऊ नका हं!"

एकदा थोरली आली ती घाबरलेली. "काकू, माझ्या गोळ्या वाढतायत!"

"वाढतायत म्हणजे?"

"काल पाकिटात थोड्याच उरल्या होत्या. आज बघते तर निम्मं पाकीट भरलेलं!"

मी म्हटलं, "बाई, गोळ्यांना पिल्लं होत नाहीत. पिल्लं होऊ नयेत म्हणून तर त्या आपण घेतो!"

शुक्रवारी धाकटी आली ती रडवेली. "काकू, माझ्या कमी होतायत. घरात चोर आहे."

"ठेवतेस कुठं?"

"बंद पडलेल्या शिलाई मशीनच्या खणात. तिथं कोण हात घालतंय?"

मला कळायचं ते कळलं. खण खोल. एकीचं पाकीट पुढं, एकीचं मागं. सासूबाई दारातच बसलेल्या, म्हणून दोघी न बघता हात घालायच्या आणि लागेल ते पाकीट ओढायच्या! हसू की डोक्याला हात लावू? कारण पंचाईत खरीच होती. या पाकिटात आधी एकवीस पांढऱ्या गोळ्या असतात, हार्मोनच्या. मग सात तपकिरी, त्या नुसत्या लोहाच्या. रोज गोळी घ्यायची सवय मोडू नये म्हणून ठेवलेल्या, त्याच दिवसांत पाळी येऊन जाते. आता एकीची पांढऱ्याची वेळ असताना दुसरीची तपकिरी पोटात गेली, तर त्या दिवसाचं काम झालंच नाही. अंधाऱ्या खोलीत रंग कोण बघतो!

सांगायला तर हवं होतं आणि सांगता तर येत नव्हतं. मी दोघींना वेगवेगळं बोलले. "नवं पाकीट पहिल्यापासून सुरू कर. पहिला आठवडा नवऱ्याला निरोध वापरायला सांग. आणि तो मशीनचा खण सोड, दुसरी जागा बघ."

दोघींनी ऐकलं. महिन्याभरानं थोरली परत दारात. "काकू, पुन्हा वाढल्या हो!"

दोघींनी जागा बदलली होती, आणि दोघींनी एकच नवी जागा शोधली होती. गौरींच्या मुखवट्यांची पेटी! भाद्रपदाशिवाय ती कोण उघडतंय? एका घरात नांदणाऱ्या बायकांचं डोकं एकाच वाटेनं चालतं, ते हे असं. एकमेकींशी दोन शब्द बोलल्या असत्या तर दोघींनाही सोबत झाली असती. पण ते त्यांना सांगायचा अधिकार मला नव्हता.

* * *

सुमन लोहगडवाडीच्या खालच्या वाडीवरची, मंगलच्या ओळखीतली. नवऱ्याचा गडाच्या पायथ्याला भज्यांचा स्टॉल. दोन पोरी पाठोपाठच्या, तिसरं इतक्यात नको. बाई मोठी शिस्तीची. रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावला की गोळी. मी सगळ्यांना तिचं उदाहरण द्यायची, नाव न घेता. मग एकदा बोलता बोलता म्हणाली, "सोमवारची तेवडी न्हाई घेत, ताई."

"का गं?"

"उपास असतोय ना! चतुर्थीलाबी न्हाई. पर दुसऱ्या दिशी दोन घेते. बुडवत न्हाई मी."

मी कपाळाला हात लावला. "अगं, गोळी म्हणजे काय जेवण आहे? साबुदाण्याएवढी तर आहे!"

"पर साबुदाना न्हाई ना!"

मंगल मागून म्हणाली, "तिचंबी खरं हाय, ताई. काय काय घातल्यालं असतंय त्यात, कुनास ठावं."

दोघींना समोर बसवलं. म्हटलं, "हे बघ, दर महिन्याला पोटात एक बीज पिकतं. ही गोळी रोज जाऊन सांगते, बाई, आज काम नाही, झोप. शिवाय पिशवीच्या तोंडाशी चिकटा घट्ट करते, म्हणजे पुरुषाचं बीज आत शिरायला वाट नाही. आतलं अस्तरही पातळ ठेवते. पण मुख्य काम तो रोजचा निरोप. तू सोमवारी धाडला नाहीस, चतुर्थीला धाडला नाहीस, की ते बीज म्हणतं, चला, सुट्टी संपली! एखाद्या दिवशी विसरलीस तर आठवेल तेव्हा लगेच घे, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतात. पण मुद्दाम चुकवायची नाही. समजलं?"

"समजलं, ताई. सोमवारची घेत जाईन. म्हादेव भोळा हाय."

मी निश्चिंत. मग दिवाळीनंतर सुमन दुकानात आली ती ओकाऱ्यांवर औषध मागायला.

"सुमन! गोळ्या चालू होत्या ना?"

"व्हत्या की. नवरात्रात तेवड्या न्हाई घेतल्या."

"नऊ दिवस?"

"म्हादेव भोळा हाय, ताई. देवी कडक हाय!"

पोरगा झाला. नाव ठेवलं नवनाथ. पेढे मंगलच्या हाती पाठवले, चांगले पाव किलो. बारशाचं बोलावणं मात्र नव्हतं. कसं असणार? गोळ्या देणारी बाई बारशाला आली तर वाडीनं काय म्हटलं असतं! मी पेढे घरी नेले आणि एकटीनं खाल्ले. एकटीला पाव किलो पेढे संपत नाहीत हो, शेवटी त्यांना वास यायला लागला.

* * *

देहूरोडच्या डेपोत नोकरी करणारे एक गृहस्थ. भरघोस मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट. काउंटरवर येऊन भिंतीकडं बघत म्हणाले, "त्या बायकांच्या गोळ्यांचं एक पाकीट द्या."

"मिसेसचं वय?"

"अडतीस."

"बीपी आहे का त्यांना?"

"माहीत नाही."

"सिगरेट, तंबाखू, मिश्री?"

"छे! म्हणजे... मिश्रीचं माहीत नाही."

"डोकं दुखतं का? अर्धं? दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चमचम होते, नागमोडी रेघा दिसतात, असं काही?"

आता मिशा थरथरल्या. "मॅडम, मी नवरा आहे तिचा, डॉक्टर नाही!"

"म्हणून तर विचारतेय. डॉक्टर तिच्याबरोबर राहत नाही."

मग जरा समजावून सांगितलं. गोळी बहुतेकींना चांगली सोसते. पण थोड्या बायकांत तिनं रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. बीपी चढलेलं असेल, पस्तिशीपुढं सिगरेट ओढत असेल, किंवा अशी डोळ्यांपुढं चमकणारी अर्धशिशी असेल, तर मी देत नाही, आधी डॉक्टरकडं धाडते. गृहस्थ पुटपुटत निघून गेले. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक.

पुढच्या आठवड्यात दोघं आली. बाई बारीकशी, हसऱ्या तोंडाची. गृहस्थच पुढं होऊन म्हणाले, "चमकतं, मॅडम. लग्नाआधीपासून चमकतं म्हणे!"

माझ्या दुकानाच्या वर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्यांना तिकडं पाठवलं, त्यांनी तांबी बसवून दिली. जाताना बाई मुद्दाम मागं राहिली. "काय हो विचारायला लावलंत ह्यांना? इतकी वर्षं संसार केला, पहिल्यांदा विचारलं, तुझं डोकं दुखतं का? आता रोज विचारतात. वैताग आणलाय!"

वैताग म्हणाली, पण चेहरा असा फुललेला की बघत राहावं.

त्या दिवशी दुकान बंद करून घरी गेले तेव्हा माझंच डोकं ठणकत होतं. कुलूप काढलं, दिवा लावला आणि मोठ्यानं स्वतःला विचारलं, "काय गं, डोकं दुखतं का तुझं?" आधी हसू आलं. मग रडूही आलं.

* * *

तुंगार्लीच्या एक बाई, यजमान हायस्कूलातून रिटायर झालेले सर. त्यांच्या मुलीची पाळी महिनोन्महिने यायची नाही, आली की थांबायची नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि काही महिने ह्याच गोळ्या लिहून दिल्या. पाळी ताळ्यावर आणायलाही ही गोळी देतात, त्याचा लग्नाशी संबंध नाही. पण मुलीची स्थळं बघणं चालू. ती गोळ्या घेताना कुणी पाहिलं तर? बाईंनी डोकं लढवलं. म्हणाल्या, "दरवेळी मीच येत जाईन. कुणी विचारलं तर माझ्यासाठीच म्हणून सांगा."

बाई पन्नाशी उलटलेल्या!

मागं रांगेत कोण उभं होतं देव जाणे. आठवड्याभरात तुंगार्लीच्या तळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत बातमी. "सरांच्या घरी म्हणे अजून..." बाई माझ्यापुढं डोळ्यांना पदर लावून उभ्या. "ताई, मुलीसाठी केलं, आणि जन्माची लाज गेली हो!"

"आणि सर? सरांना फार लागलं असेल."

बाईंनी पदर खाली घेतला. "त्यांचं काय विचारता! रोज काठी घेऊन फिरायला जायचे. परवापासून काठी घरी ठेवून जातात!"

* * *

कामशेतला एका लग्नाला गेले होते, ह्यांच्या मित्राच्या नातीच्या. जेवणाला गोल टेबलं. मी एका टेबलावर जाऊन बसले. एक ओळखीची ताट घेऊन आली, मला बघितलं आणि म्हणाली, "अय्या, इथं पंख्याचा वारा फार लागतो!" गेली. दुसरी आली, तिला एकदम लांबची मावशी दिसली. तिसरीनं तर खुर्ची ओढली होती, ती तशीच सोडून गेली. ह्या तिघींचं बीपी मी मोजलेलं, पहिल्या महिन्यात मळमळतंय म्हटल्यावर "थोडे दिवस कळ काढ, जाईल" म्हणून धीर दिलेला. माझ्याजवळ बसली म्हणजे हिचीही गिऱ्हाईक, असं कुणी म्हणू नये एवढंच. राग येत नाही मला. पण जेवण जात नाही.

वाढपी येऊन विचारतो कसा, "मावशी, हे टेबल वरपक्षासाठी राखून ठेवलंय का?"

म्हटलं, "हो रे बाबा, आमच्याकडचे यायचेत अजून." आणि जिलबी दोनदा घेतली.

* * *

शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं येतात. त्यांचं सगळंच खुलं! एकदा काउंटरवर चार पुरुष उभे, आणि मागून एक मुलगी ओरडली, "आंटी, माझं पिल्सचं पाकीट घरी राहिलं! कालची गोळी पण मिस झाली! आता काय करू?"

चारही पुरुष छताकडं बघायला लागले. छताला माझ्याकडं पोपडे आलेत, ते त्यांनी नीट बघून घेतले.

मी तिच्या मोबाइलमधला पाकिटाचा फोटो बघितला, तसंच पाकीट काढून दिलं. "कालची राहिलेली आत्ता घे, आजची नेहमीच्या वेळेला. एखादी राहिली तर घाबरायचं काही नाही. दोन-तीन राहिल्या असत्या तर आठवडाभर निरोधही वापरायला सांगितला असता. आणि हे बघ, गोळीनं दिवस राहत नाहीत, पण रोग थांबत नाहीत. त्याला निरोधच." तिनं माझ्याच बाटलीतल्या पाण्याबरोबर गोळी गिळली आणि "थँक्यू आंटी, यू आर द बेस्ट!" म्हणून पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून चाललेले, तर चिक्कीच्या दुकानापुढच्या गर्दीतून हात वर. "हाय आंटी! रात्रीची पण घेतली हं!"

सगळा बाजार वळून बघायला लागला. त्या गर्दीत माझ्या दोन गिऱ्हाईक बायका होत्या, त्या एकदम चिक्कीचे भाव वाचण्यात गुंग झाल्या. मी मात्र हात वर केला आणि चांगला हलवला.

दिवसभर मी उगाचच खुशीत. मंगल म्हणाली, "काय ताई, लाटरी लागली का काय?"

"अगं, भर बाजारात कुणीतरी हाक मारली मला."

"कोन वो?"

"काय माहीत!"

* * *

तर ऑपरेशन. तारीख ठरली तशी काउंटरवर येईल त्या बाईला मी सांगायला लागले, "मी थोडे दिवस नसेन. पुढचं पाकीट आत्ताच ने. हे संपलं की दुसऱ्याच दिवशी ते सुरू, मध्ये खंड पडू देऊ नको." दुकानात एक फार्मासिस्ट मुलगी बदलीवर बसवली. पण नवा चेहरा बघून बायका पायरीवरूनच परत जातील, म्हणून मंगलला तिथंच ठेवणं भाग होतं. बायका विचारायच्या, "कुठल्या हॉस्पिटलात, काकू?" मी सांगायची. येतील अशी आशा नव्हती. होती हो, खोटं कशाला बोलू?

ऑपरेशनच्या दिवशी मंगल थांबली. मी शुद्धीवर आल्यावर तिला परत पाठवली.

बायकांचा वॉर्ड. शेजारच्या कॉटवर पवनमावळातली एक म्हातारी, ठकूबाई. खुब्याचं हाड बसवलेलं. भाचा ॲडमिट करून गेला तो फिरकलाच नव्हता. म्हातारीची नजर सारखी दाराकडं. माझीही.

दुसऱ्या दिवशी चारनंतर भेटायची वेळ सुरू झाली आणि दारात कोण? देहूरोडची ती बारीकशी बाई! हातात मोसंब्यांची पिशवी. मला बघून हसली, सरळ माझ्याकडं यायला लागली. मी उशीवरून मान उचलली. आणि तेवढ्यात तिच्या मागून तिच्याच कॉलनीतली शेजारीण आत आली, हातात शहाळं. तीही माझीच गिऱ्हाईक! दोघींची नजरानजर झाली. दोघी जागच्या जागी वळल्या आणि जाऊन उभ्या राहिल्या ठकूबाईच्या कॉटपाशी.

"कशा आहात, आजी?"

"अय्या, तुमच्या ओळखीच्या का ह्या?"

"हो ना! तुमच्याही?"

ठकूबाई आ वासून दोघींकडं बघतेय.

मग थोरली जाऊ आली, थर्मास घेऊन. ती टेकते न टेकते तोच धाकटी आली, ती दुसरा थर्मास घेऊन. एकाच पातेल्यातलं सूप, दोन थर्मासांतून! एकमेकींना बघून दोघी पांढऱ्याफटक. दोन्ही थर्मास ठकूबाईच्या उशाशी. मग सुमन आली, कडेवर नवनाथ. ही गर्दी बघून बावरली आणि तीही तिकडंच वळली. "आजे, बरं हाय का आता?" तुंगार्लीच्या बाई आल्या त्या खिचडीचा डबा घेऊन. त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं, बाकीच्यांकडं बघितलं आणि डबा मुकाट्यानं म्हातारीच्या हातात दिला.

सगळ्या ठकूबाईला विचारत होत्या आणि माझ्याकडं बघत होत्या.

"टाके ओढतात का हो, आजी?"

ठकूबाई म्हणायची, "लय वडत्यात गं!" आणि मी उशीवर मान हलवायची, नाही.

"जेवण जातं का?"

"लय भूक लागतीय, बाय!" मी मान हलवायची, थोडं थोडं.

धाकटी म्हातारीचा हात हातात घेऊन बसली होती. नजर माझ्यावर. म्हणाली, "लवकर बऱ्या व्हा. आम्हाला तुमच्याशिवाय आहे कोण?" मी भिंतीकडं तोंड केलं.

मी तिथं होते तोवर रोज हेच. रोज कुणी ना कुणी. नर्स ठकूबाईला म्हणाली, "आजी, तुमचं खटलं मोठं दिसतंय!" म्हातारीचा चेहरा उजळला होता. माझ्या स्टूलवर पाण्याची बाटली आणि माझा चष्मा.

डिस्चार्जच्या दिवशी मंगल माझी पिशवी भरत होती. ठकूबाईनं मला हाक मारून जवळ बोलावलं. उशाच्या ढिगातून मोसंबी काढली आणि एकेक करून माझ्या पदरात घातली.

"घ्या ताई. मला काय ही संपनार न्हाईत."

मग माझा हात धरून हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "येवडे दिस बगतीया मी. तुमालाच कसं कोन न्हाई वो?"